फट

पाटणच्या वर, चढ लागण्याआधी एक पूल आहे.
तीन गाळे. बांधणीचं साल कोनशिलेवर आहे,
पण तिच्यावर कुणीतरी
दहावीच्या क्लासची जाहिरात चिकटवली आहे.

वर्षातून दोनदा मी त्याच्या पोटाखाली शिडी लावते.
खांबाच्या माथ्यावर, गाळ्याच्या टोकाखाली
रबराच्या चवडी असतात: एक थर रबर, एक थर पोलाद,
वाण्याच्या जुन्या खतावणीएवढी एकेक.
अख्खा गाळा त्यांच्यावर बसलेला.
त्यांना काम एवढंच,
जमीन हलली तर आपण वाकडं व्हायचं
आणि वरच्याला कळू द्यायचं नाही.

मागच्या उन्हाळ्यात गावाने सांध्यातली फट बुजवली.
दुधाच्या गाडीला तिथे दणका बसायचा, कॅन सांडायचे.
दोन पोती सिमेंट, ठराव एकमताने मंजूर.
"पूल घट्टच पाहिजे ना मॅडम?" सरपंच म्हणाले.

मी छिन्नी मागवली.

हैबती शेलार रोजंदारीवर. वय विचारलं तर म्हणतो,
"हादऱ्याच्या साली सात वर्साचा व्हतो."
इथे बऱ्याच गोष्टी त्या सालापासून मोजतात.
घाव घालता घालता थांबला.
"म्होरलं घर दगडमातीचं. आजानं हौसेनं बांधल्यालं.
त्ये पयल्या दणक्यात बसलं.
मागं गोठा, कारवीच्या कुडाचा. त्यो डुलला, डुलला,
आन् उभा ऱ्हायला. म्हस रवंथ करीत व्हती."
पुढे काही बोलणार होता.
घरात कोण होतं, ते असावं.
सिमेंटची एक कपची उडून गालाला लागली,
ती पुसली, आणि परत छिन्नीवर नजर लावली.

मी वहीत लिहीत राहिले.
फट हवी चाळीस मिलिमीटर. आढळली: शून्य.
गाळा सरकलाच तर खाली पडण्याआधी
खांबावर त्याला किती जागा, हे नकाशा सांगतो.
नकाशा साताऱ्याच्या ऑफिसात आहे,
अर्धा वाळवीच्या पोटात.
मी टेप लावून मोजली. पुरेल, असं वाटतं.
"वाटतं" खोडलं. आकडा लिहिला.

दोन्ही अंगांना काँक्रीटचे ठोकळे,
गाळ्याला न शिवता उभे,
म्हैस नदीत उतरताना
दोन्हीकडून चालणाऱ्या पोरांसारखे.

साडेचारला फट मोकळी झाली.
खांबाच्या माथ्यावर उजेडाची एक रेघ पडली,
तिच्यात चार खडे आणि बिडीचं थोटूक.
"कॅन पुन्हा सांडतील," सरपंच म्हणाले.
सांडतील. रबरी पट्टीची मंजुरी यायची आहे,
तोवर गाडी हळू घ्या.
पडलेल्या दाताच्या जागेकडे बघावं
तसं त्यांनी फटीकडे बघितलं.

उतरण्याआधी मी पेन्सिलीने एक रेघ ओढली,
अर्धी गाळ्यावर, अर्धी ठोकळ्यावर.

रात्री अडीचला विश्रामगृहाची काच वाजली.
कोयनेचा नेहमीचा, तीनच्या आतला.
वॉचमन व्हरांड्यात नुसता कुशीवर वळला.
मी मात्र बसून राहिले, पाय जमिनीवर टेकवून,
जमीन आणखी काही म्हणते का बघत.

सकाळी शिडी लावली. रेघ तुटली होती,
केसभर.
हादऱ्याने, की डिसेंबरच्या गारठ्याने?
थंडीनेही गाळा एवढा आखडतो.
लिहिलं: कारण अनिश्चित. हालचाल मोकळी.

हैबती मागून चढून आला,
डोळे बारीक करून रेघेवर वाकला.
"डुलला," म्हणाला.